जेवणातून दिलेलं औषध : एका कुटुंबाच्या शिक्षणाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण संबंधित कुटुंबाच्या संमतीने लिहिलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घरातल्या चौघांनीही मसुदा वाचला. ज्याच्याबद्दल हे आहे त्या मुलाने एक महत्त्वाची दुरुस्ती सुचवली, ती पुढे जागच्या जागी येईल. आधारगटांत मानसिक आजार असलेल्या माणसाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. इथेही तेच शब्द वापरले आहेत.

पार्श्वभूमी

घरात चौघं : आई, वडील, पंचविशीतला थोरला मुलगा आणि शाळेच्या शेवटच्या वर्षाला असलेली धाकटी मुलगी. आईची बहीण, म्हणजे मुलांची मावशी, जवळच राहते. तिचं येणंजाणं रोजचं.

थोरल्याचा आजार सुरू झाला तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. आधी झोप गेली, मग मित्र सुटले, मग भिंतीपलीकडचे लोक आपल्याबद्दल बोलतात असं तो सांगू लागला. निदान स्किझोफ्रेनियाचं झालं. रुग्णालयात काही आठवडे काढून तो घरी आला. गोळ्यांनी आवाज थांबले. घरच्यांच्या सांगण्यानुसार, बरं वाटायला लागलं म्हणून सहा-सात महिन्यांनी त्याने गोळ्या सोडल्या. दोन महिन्यांच्या आत सगळं परतलं, आणि पहिल्यापेक्षा जोराने.

असं होण्यात नवल काहीच नव्हतं. २०१२ मध्ये 'लान्सेट'मध्ये आलेल्या एका मोठ्या विश्लेषणात औषध चालू ठेवणाऱ्यांपैकी सुमारे २७ टक्के, तर औषधाऐवजी निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोकांचा आजार वर्षभरात पुन्हा उफाळला होता. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचायला हवेत. औषधाने मोठा फरक पडतो हे खरं. पण औषध नीट घेऊनही साधारण चौघांतल्या एकाचा आजार परततो, हेही तितकंच खरं. घरच्यांना बहुतेक वेळा यातला पहिला भागच सांगितला जातो. मग आजार परतला की गोळी कुणी चुकवली याचा तपास घरात सुरू होतो.

दुसऱ्या वेळी थोरला गोळी तोंडात घ्यायलाही तयार नव्हता. त्याने आईला एकदा ढकललं होतं, घरात सगळे घाबरलेले होते. त्या धामधुमीत एका डॉक्टरांनी चव फारशी न लागणारं द्रव औषध लिहून दिलं आणि तूर्त जेवणातून द्या असं सांगितलं. तूर्त म्हणजे किती दिवस, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. आई दर महिन्याला एकटीच जाऊन औषध आणू लागली. ती आमच्या आधारगटात आली तोवर या गोष्टीला वर्ष उलटून गेलं होतं.

अडचण

मासिक बैठकीला आई पहिल्यांदा आली ती एक जाड वही घेऊन. थोरला किती वाजता उठला, अंघोळ केली की नाही, स्वतःशी किती वेळ बोलला, किती जेवला, सगळं तारीखवार लिहिलेलं. आजाराबद्दल मिळेल ते तिने वाचून काढलं होतं. औषधांची नावं, मात्रा, मेंदूतली रसायनं तिला तोंडपाठ होती. तिचा प्रश्न एकच होता : "तो आजारी आहे हे त्याला पटवायचं कसं?"

वडील आले नव्हते. "हा निव्वळ आळस आहे, तू त्याला लाडावून ठेवलंयस," हे त्यांचं वाक्य आईने सांगितलं, आणि पुढे ते स्वतः आले तेव्हा त्यांनी ते नाकारलं नाही. दिवसभर पडून राहणं, कशातच रस नसणं, अंघोळ टाळणं ही या आजाराचीच लक्षणं आहेत. तरी घरच्यांना हीच सर्वांत जास्त खुपतात. आवाज ऐकू येतात म्हटलं की माणूस आजारी वाटतो. दुपारपर्यंत अंथरुणात दिसला की नालायक वाटतो.

धाकटीने मैत्रिणींना घरी आणणं कधीच बंद केलं होतं. तिच्याशी या विषयावर कुणी बोललेलं नव्हतं. परीक्षेचं वर्ष, तिला कशाला यात ओढा, असं आईवडिलांचं मत. या एका मुद्द्यावर दोघांचं एकमत होतं.

थोरला आपल्या खोलीत जेवायचा. आधी वास घ्यायचा, मग थोडं चाखायचा, पुष्कळदा ताट तसंच ठेवायचा. "तुम्ही माझ्या जेवणात काहीतरी घालता," असं तो पुन्हा पुन्हा म्हणायचा. त्यावर घरातलं उत्तर ठरलेलं होतं : "तुला तसं वाटतं. तो तुझा आजार आहे."

आईने हे सांगितलं तेव्हा बैठकीतल्या आम्हा सगळ्यांना तो संशय आजाराचाच वाटला. खरी गोष्ट बैठकीत अजून आईखेरीज कुणाला ठाऊक नव्हती.

पहिला निर्णय : शिकवायचं कुणाला

आमचा गट कुटुंबीयांसाठी आठ सत्रांचा अभ्यासक्रम चालवतो. शिकवणारे बहुतेक स्वतः शुभंकरच, जोडीला एक समाजकार्यकर्ती. ही पद्धत नवी नाही. अमेरिकेत १९७९ मध्ये आजारी माणसांच्या घरच्यांनीच एकत्र येऊन स्थापन केलेली 'नामी' ही संघटना असे वर्ग बरीच वर्षं चालवते. तिथेही प्रशिक्षित कुटुंबीयच इतर कुटुंबीयांना शिकवतात. अशा वर्गांनी घरच्यांची घालमेल कमी होते, परिस्थिती हाताळण्याचं बळ वाढतं. पण त्या वर्गात शुभार्थी नसतो. दुसऱ्या बाजूला, ब्रिटनमधली 'नाइस' ही वैद्यकीय मार्गदर्शक सूचना काढणारी संस्था सांगते की सायकोसिसमध्ये, म्हणजे वास्तवाचं भान सुटतं अशा आजारांत, कुटुंबासोबतचं काम तीन महिने ते एक वर्ष चालावं, किमान १० सत्रं व्हावीत, आणि जमेल तिथे आजारी माणूसही त्यात असावा.

आईने स्वतःसाठी नाव नोंदवलं. तिला तेवढंच हवं होतं, आणि तिला घेऊन वर्ग सुरू करणं सगळ्यांत सोपं होतं. समाजकार्यकर्तीने मात्र हरकत घेतली. तिचं म्हणणं असं की या घरात माहितीची कमतरता नाही. माहिती एकाच माणसापाशी साचली आहे, आणि अशी माहिती फार लवकर पहारा होते. आईला आणखी शिकवलं तर वही आणखी जाड होईल, घरातलं कुणीही जवळ येणार नाही.

तीन पर्याय समोर होते. आईला एकटीला प्रवेश द्यायचा. वडील येईपर्यंत थांबवायचं. किंवा आईला घ्यायचं, पण दुसऱ्या सत्रानंतर घरातलं आणखी एक माणूस आणण्याच्या बोलीवर. तिसरा ठरला. थांबवण्याचा पर्याय आम्ही सोडून दिला, कारण मदत मागायला आलेल्या, रात्र रात्र जागणाऱ्या बाईला नवऱ्याच्या नकाराची शिक्षा देणं योग्य नव्हतं.

वडील आले नाहीत, मावशी आली. त्या वेळी ही तडजोड वाटली. पुढे तीच सर्वांत उपयोगी ठरली.

तिसरं सत्र

या सत्राचा विषय घरातला संवाद. त्यात आम्ही लंडनमधल्या एका संशोधनाची हकीकत सांगतो. १९५०च्या दशकात जॉर्ज ब्राऊन या समाजशास्त्रज्ञाला असं आढळलं की रुग्णालयातून आईवडिलांकडे किंवा जोडीदाराकडे परतलेल्या लोकांपेक्षा भाड्याच्या खोलीत किंवा भावंडांकडे राहायला गेलेले लोक जास्त काळ बरे राहतात. यातून पुढे घरातलं वातावरण मोजायची एक पद्धत तयार झाली : टीका किती होते, वैर किती आहे, आणि काळजीपोटी माणूस दुसऱ्याच्या आयुष्यात किती गुरफटला आहे. १९७६ मध्ये क्रिस्टीन व्हॉन आणि ज्युलियन लेफ यांनी आधीच्या अभ्यासाला आपला अभ्यास जोडून दाखवलं की या गोष्टी जास्त असलेल्या घरांत नऊ महिन्यांत सुमारे ५१ टक्के लोकांचा आजार परतला, कमी असलेल्या घरांत सुमारे १३ टक्के. ताणाच्या घरात आठवड्याला ३५ तासांहून जास्त समोरासमोरचा सहवास असेल तर धोका आणखी वाढत होता.

हे सांगताना फार जपावं लागतं. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांनी 'स्किझोफ्रेनोजेनिक मदर', म्हणजे मुलाला हा आजार देणारी आई, असा शब्द वापरला, आणि पुढची कित्येक वर्षं आया त्या आरोपाखाली दबून राहिल्या. त्याला आधार नव्हता. घरातल्या ताणाने हा आजार जन्माला येत नाही. आजारी माणसासोबत वर्षानुवर्षं राहून घरात ताण येतो, आणि तो ताण पुन्हा आजारी माणसाला सोसत नाही, असं ते चक्र आहे. ते तोडता येतं हीच खरी बातमी. नुसते आकडे सांगून थांबणाऱ्या वर्गातून आया स्वतःला गुन्हेगार समजत घरी जातात. म्हणून आम्ही हे सत्र कधीच आकड्यांवर संपवत नाही.

सत्र संपल्यावर आई थांबून राहिली आणि जेवणातल्या औषधाबद्दल तिने पहिल्यांदा सांगितलं. मावशीलाही हे माहीत नव्हतं.

आता संशयाचा अर्थ पूर्ण बदलला. मुलगा खरं बोलत होता. त्याची जीभ आणि त्याचं नाक त्याला जे सांगत होतं ते बरोबर होतं, आणि त्याच्यावर सर्वांत जास्त प्रेम करणारी माणसं त्याला वर्षभर सांगत होती की हा भास आहे. ज्याला आपल्या जाणिवांवर आधीच विश्वास ठेवता येत नाही, त्याच्यासाठी याहून वाईट काही मला सुचत नाही. आणि तरीही, जिने आपल्या मुलाला दोनदा आजारी पडताना पाहिलं, तिने आणखी काय करायला हवं होतं, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

दुसरा निर्णय : सांगायचं की नाही

गटातल्या अनुभवी शुभंकरांत यावर खडाजंगी झाली. एक वडील म्हणाले, "आमच्या घरी लपवून दिलं म्हणून आज मुलगा जिवंत आहे." त्यांचा अनुभव खोटा नव्हता. या आजारात आपल्याला काही झालं आहे हेच अनेकांना जाणवत नाही, आणि हा हट्ट नसून आजाराचाच भाग असू शकतो. अशा वेळी समजावून सांगणं पुरत नाही. ब्रिटनमध्येही लपवून औषध देण्याला पूर्ण बंदी नाही. पण तो शेवटचा उपाय मानला जातो : त्या माणसाची निर्णयक्षमता तपासायची, संबंधितांची बैठक घ्यायची, लेखी ठरवायचं आणि ठरावीक काळाने फेरआढावा घ्यायचा. या घरात पहिल्या दिवसाची निकड खरी होती. नंतर कुणी आढावाच घेतला नाही.

आई आणि मावशीने आमच्यासोबत बसून पाच वाटा तपासल्या.

आहे तसं चालू ठेवायचं : औषध पोटात जातं, पण मुलगा जेवत नाही, म्हणजे नेमकं किती जातं हे कुणालाच कळत नाही. शिवाय डॉक्टर माणसाला न बघताच औषध लिहितात.

गुपचूप बंद करायचं : मुलाला कळणार नाही, भांडण होणार नाही. मात्र औषध एकदम थांबल्याने आजार उफाळण्याचा धोका, आणि उफाळला तर खरं कारण कायमचं दडपावं लागणार.

आईने घरी एकटीने सांगायचं : सर्वांत प्रामाणिक, आणि ढकलाढकलीचा इतिहास पाहता सर्वांत धोक्याचं.

पुन्हा भरती करायचं : त्या घडीला तसं काही कारण नव्हतं. घरच्यांना सांगायचं धाडस होत नाही म्हणून मुलाला रुग्णालयात ठेवायचं, याला कुणीच राजी झालं नाही.

शेवटची वाट, डॉक्टरांना आधी सगळं सांगून त्यांच्या देखत, तयारीनिशी सांगायचं. ती निवडली.

आईला पटायला वेळ लागला. तिची भीती औषध थांबण्याची कमी आणि मुलगा तोंड फिरवेल याची जास्त होती. तिला दिलासा देण्यासाठी "तो समजून घेईल" असं कुणी म्हणालं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. तो तोंड फिरवण्याची शक्यता बरीच होती आणि आम्ही तसंच सांगितलं.

तयारी

तयारीत वडिलांना आणणं आलंच. बैठकीचं बोलावणं त्यांनी तीनदा टाळलं होतं. शेवटी गटातल्या एका वडिलांनी त्यांना फोन केला आणि एकट्याने भेटायला बोलावलं. त्या भेटीत काय बोलणं झालं हे आम्ही विचारलं नाही. पुढच्या सत्राला ते येऊन मागच्या रांगेत बसले. नकारात्मक लक्षणांची, म्हणजे इच्छा आणि रस हरपण्यासारख्या लक्षणांची, चर्चा चालू असताना त्यांनी एकच प्रश्न विचारला : "म्हणजे त्याला उठावंसं वाटतच नाही? वाटतं पण उठत नाही, असं नाही?" माझ्या मते या घरात खरा बदल इथून सुरू झाला. त्यांनी मुलाला हाका मारून उठवणं थांबवलं. बोलणं वाढलं नाही, टीका थांबली.

नवे डॉक्टर शोधले, कारण आधीच्या ठिकाणी मुलाला स्वतःला जायचं नव्हतं. इथे गोपनीयतेचा प्रश्न आला. रुग्णाच्या संमतीशिवाय डॉक्टर सहसा त्याची माहिती घरच्यांना देऊ शकत नाहीत. पण घरच्यांचं ऐकून घ्यायला त्यांना कुठलीच आडकाठी नसते. हा फरक शुभंकरांना माहीत नसतो, आणि "डॉक्टर आमच्याशी बोलत नाहीत" असं म्हणत ते परत फिरतात. आईने सगळं दोन पानांत लिहून डॉक्टरांना दिलं.

आणीबाणीचा आराखडा एका कागदावर मावला. सलग तीन रात्री झोप जवळजवळ नसेल, पाणीही पिणं बंद असेल, स्वतःला किंवा कुणाला इजा करण्याचं बोलणं असेल, तर कुणी कुणाला फोन करायचा, धाकटीने त्या वेळी कुठे जायचं, आणि कुणी मध्ये पडायचं नाही. आई त्याला अडवायला जाणार नाही, हे स्वतंत्र ओळीत लिहिलं.

सांगायचं वाक्यही ठरवलं. स्पष्टीकरण लांबलं की ते समर्थन वाटतं, म्हणून चारच वाक्यं. "तुझ्या जेवणात आम्ही औषध घालत होतो. तू म्हणत होतास ते खरं होतं. आम्ही तुला खोटं पाडलं, ते चुकीचं होतं. आजपासून ते बंद आहे."

काय झालं

थोरला मावशीमुळे दवाखान्यात आला. "माझ्यासाठी एकदा चल, नंतर तुझ्यावर सोडते," असं ती त्याला म्हणाली होती. आईने चार वाक्यं सांगितली. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "म्हणजे मी बरोबर होतो." त्यानंतर आईशी तो कित्येक दिवस बोलला नाही.

पुढचे दोन-तीन आठवडे तो फक्त बंद पाकिटातलं खात होता. कुठलंही औषध घेत नव्हता. डॉक्टरांनी त्याला धोके समजावून सांगितले आणि आठवड्याला भेटायची वेळ दिली. त्यातल्या निम्म्या भेटींना तो गेला नाही. त्या दिवसांत आईला आधार देणं हेच गटाचं मुख्य काम झालं. दोन शुभंकर रोज संध्याकाळी आळीपाळीने तिच्याशी बोलायचे. तिने वही बंद केली होती आणि हात रिकामे झाल्यासारखे तिला वाटत होते. मुलाच्या आजारासाठी सोडलेली अर्धवेळ नोकरी तिने याच काळात पुन्हा धरली. ३५ तासांचा हिशोब आम्ही कुणीच तिला करायला सांगितला नव्हता. तिने तो स्वतः केला.

दीड महिन्याने झोप पुन्हा कमी झाली, खोलीतली लाइट रात्रभर चालू राहू लागली. घरात सगळ्यांना कळत होतं. ठरल्याप्रमाणे कुणी "औषध घे" म्हटलं नाही, वडील फक्त एवढंच म्हणाले : "झोप होत नाहीये असं दिसतंय. काही लागलं तर सांग." चौथ्या दिवशी थोरल्याने मावशीला फोन केला आणि डॉक्टरांकडे चल म्हणाला.

त्या भेटीत जे कळलं ते या प्रकरणातलं सगळ्यांत मोलाचं आहे. पहिल्या वेळी त्याने गोळ्या बरं वाटलं म्हणून सोडल्याच नव्हत्या. मसुद्यात त्याने केलेली दुरुस्ती हीच : "पाय थांबत नव्हते म्हणून सोडल्या." आतून सतत तगमग, बसवत नाही, उभं राहवत नाही, रात्रभर येरझाऱ्या. मनोविकारावरच्या काही औषधांचा हा ओळखीचा दुष्परिणाम आहे, त्याला अकाथिसिया म्हणतात, आणि त्यावर उपाय आहेत. जेवणातून दिलेल्या औषधाच्या काळातही हेच चालू होतं. आईच्या वहीत त्या येरझाऱ्यांची नोंद होती, "अस्वस्थता वाढली" अशी. ती नोंद दाखवल्यावर मात्रा वाढवली गेली होती. ज्याला आपण औषध घेतोय हेच माहीत नाही, तो त्याचा त्रास कुणाला आणि कसा सांगणार?

डॉक्टरांनी वेगळ्या प्रकारचं औषध कमी मात्रेत सुरू केलं. महिन्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनचा पर्यायही सांगितला, तो त्याने नाकारला. त्याच्या अटी दोन : डबी माझ्याकडे राहील, आणि रोज कुणी विचारायचं नाही. आईने एक अट घातली : आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, ती एकदाच विचारेल. आजार उलटण्याच्या सुरुवातीच्या खुणांची यादी त्याने स्वतः लिहिली. त्यात घरच्यांच्या कधी लक्षात न आलेली एक खूण होती : जवळचा फोन उलटा ठेवायची इच्छा होणं.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. दहाव्या महिन्यात, औषध चालू असतानाही, आजार उफाळला. या वेळी तो स्वतः तयार झाला आणि थोड्या दिवसांसाठी भरती झाला. घरात तपास सुरू झाला नाही. आज तो आठवड्यातले काही तास काम करतो, खोलीबाहेर जेवतो, आईच्या हातचंही. वजन वाढलं आहे, त्याबद्दल तो नाराज आहे आणि डॉक्टरांशी त्यावर त्याचं बोलणं चालू आहे. आवाज अधूनमधून येतात.

धाकटीचा प्रश्न

सगळं लक्ष थोरल्याकडे असताना धाकटी एकदा मावशीबरोबर गटात आली आणि तिने विचारलं, "मलाही होईल का?" हा प्रश्न ती तीन वर्षं मनात घेऊन फिरत होती. झोप लागली नाही की तिला वाटायचं, सुरू झालं.

"छे, तुला काही होणार नाही," हे सगळ्यांच्या ओठांवर येतं. ते खोटं आहे आणि मुलांना ते कळतं. तिला आकडे सांगितले : सर्वसाधारण लोकांत आयुष्यभरात साधारण शंभरातल्या एकाला हा आजार होतो. सख्ख्या भावंडाला असेल तर जुने कौटुंबिक अभ्यास साधारण शंभरात नऊ असं सांगतात. म्हणजे धोका वाढतो, तरी शंभरातल्या नव्वदहून जास्त भावंडांना तो होत नाही. काळजी कधी घ्यायची, कुणाशी बोलायचं, आणि नशेचे पदार्थ, विशेषतः गांजा, तिच्यासाठी इतरांपेक्षा जास्त धोक्याचे का, हेही सांगितलं. तिने सगळं लिहून घेतलं. त्या रात्री ती पहिल्यांदा आईशी यावर बोलली.

काय वेगळं करता आलं असतं

जेवणातून औषध सुरू झालं त्याच दिवशी ते कधी थांबवायचं, कोण आढावा घेणार आणि मुलाला कोण सांगणार हे लिहिलं गेलं असतं, तर वर्षभराचा अविश्वास टळला असता. ज्या घराला आज हा मार्ग घ्यावा लागतोय, त्यांनी निदान शेवटची तारीख मागून घ्यावी. डॉक्टर देत नसतील तर पुन्हा मागावी.

गटात नाव नोंदवताना "औषध कसं दिलं जातं?" हा साधा प्रश्न पहिल्या भेटीतच, एकांतात, विचारता येतो. तो आता नोंदणीच्या अर्जात आहे. त्याचं उत्तर लगेच मिळेलच असं नाही. पण प्रश्न आहे हे दिसलं की लपवणाऱ्याला बोलायला जागा मिळते.

शुभार्थीला अभ्यासक्रमात कधी आणायचं यावर गटात अजून एकमत नाही. माझं मत असं की पहिली दोन सत्रं घरच्यांना मोकळेपणाने रडायला, रागवायला हवीत, आणि त्यानंतरची निम्मी तरी शुभार्थीसोबत व्हायला हवीत. पायांच्या तगमगीची गोष्ट इतर कुठल्याच मार्गाने कळली नसती. याला विरोध करणाऱ्या शुभंकरांचा मुद्दाही रास्त आहे : ज्या घरात मार खाल्लेला आहे, तिथल्या आईला मुलासमोर खरं बोलता येत नाही. अशा घरांसाठी दोन वेगळे वर्ग आणि मग एक सामाईक सत्र असा प्रयोग सध्या चालू आहे.

भावंडांसाठी वेगळी बैठक हवी होती, ती या प्रकरणानंतर सुरू झाली. धाकटीने त्या बैठकीत पहिल्यांदा मांडलेला विषय अजून सुटलेला नाही : आईवडिलांनंतर काय. तिने घरच्यांसमोर स्पष्ट सांगितलं आहे की दादाचे पैसे आणि डॉक्टरांच्या भेटी ती बघेल, त्याला आपल्या घरी ठेवेल असं आज कबूल करणार नाही. वडिलांना ते लागलं. थोरला म्हणाला, मला तरी कुठे तिच्याकडे राहायचंय. त्याला स्वतंत्र खोलीत, जवळपास कुणीतरी असताना, राहून बघायचं आहे. पुढच्या कौटुंबिक बैठकीचा विषय तोच आहे आणि बैठक थोरल्याने बोलावली आहे.